अकराव्या रकान्यातली आत्या

नातेबाईंना स्वतःच्या नातेवाइकांचा भयंकर कंटाळा होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्यांच्या कामाबद्दल ऐकलं की लोकांना वाटतं, बाई मोठ्या मायाळू, माणसांच्या भुकेल्या वगैरे असणार. तसलं काही नव्हतं. त्यांना चार भाऊ, दोन बहिणी, चुलत-मावस धरून पन्नासेक भावंडं, आणि त्या सगळ्यांकडे बाईंचा ऑफिसचा नंबर. फोन वाजला की बाई मला हातानेच 'नाहीयेत म्हणून सांगा' अशी खूण करायच्या. मी सांगायचो. पलीकडून एखादी वहिनी म्हणायची, समोरच बसल्यात, मला माहितीये, द्या त्यांना. मग बाई कपाळाला आठ्या घालून फोन घ्यायच्या आणि अर्धा तास कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन ऐकून घ्यायच्या.

फोन ठेवला की म्हणायच्या, "डोक्याला ताप आहे नुसता." आणि थोड्या वेळाने फाइल उघडता उघडता, माझ्याकडे न बघता, "पण ह्या पोरांना तेवढाही नाही हो."

मी त्यांच्या समोरच्या टेबलावरचा कारकून. आमचं ऑफिस होतं ते अशा मुलांसाठी, ज्यांना घरचे सांभाळू शकत नाहीत किंवा सांभाळायला घरचे उरलेलेच नाहीत. ही मुलं आम्ही दुसऱ्या कुटुंबांत ठेवायचो. एक कुटुंब मिळायचं, वर्ष-दोन वर्षांनी त्यांची काही अडचण निघायची, मग दुसरं, मग तिसरं. असं करता करता मूल अठरा वर्षांचं झालं की त्याची फाइल बंद. फाइल बंद म्हणजे काम करणाऱ्या मुलामुलींच्या हॉस्टेलात एक पलंग, एक ओळखपत्र, आणि आमच्याकडून राम राम. बाईंचं काम एवढंच की फाइल बंद व्हायच्या आत प्रत्येक पोराला एक तरी कायमचं माणूस शोधून द्यायचं. त्यांच्या पदाचं नाव एवढं लांबलचक होतं की ते दारावरच्या पाटीवरसुद्धा दोन ओळींत मावत नसे. पोरांनीच त्यांना नातेबाई करून टाकलं.

कायमचं म्हणजे काय, यावर साहेबांशी त्यांचा नेहमी वाद व्हायचा. साहेबांना वाटायचं की राहायला घर मिळालं पाहिजे. बाई म्हणायच्या, घर नका देऊ, खोलीही नका देऊ, पण न सांगता जाता येईल असं एक दार हवं. ताप आलाय म्हणून, भांडण झालंय म्हणून, किंवा काहीच झालेलं नाही, उगाच आलो म्हणून. आधी फोन करून विचारावं लागलं तर ते दार धरायचं नाही.

बाई फाइल तळापासून वाचायच्या. वरच्या कागदांवर आम्ही लिहिलेलं असतं, त्यात काही नसतं, असं त्यांचं मत. तळाला मात्र बालवाडीचं कार्ड, लसीची चिठ्ठी, पहिल्या दवाखान्याचा केसपेपर, असे बारीकसारीक कागद असत. कोणी आणलं, कोणी नेलं, कोणी सही केली. लस टोचायला त्या पोराला कडेवर घेऊन कोणीतरी गेलंच असणार ना, ते कोण, इथून त्या सुरुवात करायच्या. माणूस सापडलं तरी पोराला लगेच सांगायचं नाही, हा त्यांचा नियम. आधी त्या माणसाने तीन वेळा हो म्हणायला हवं. एकदा फोनवर, एकदा घरी सगळ्यांसमोर, आणि एकदा पोराबद्दलचं सगळं वाईटसाईट ऐकून घेतल्यावर. पूर्वी एका सोळा वर्षांच्या मुलाला त्यांनी पहिल्याच होकाराला सांगून टाकलं होतं. तो बॅग भरून आमच्या जिन्याच्या खिडकीत संध्याकाळपर्यंत काकाची वाट बघत उभा राहिला. काका आलाच नाही. तेव्हापासून बाईंनी कानाला खडा लावला होता.

आता माझ्याबद्दल. बाई आमच्याकडे बदलून आल्या त्याच्या आधी मी बाहेरच्या खिडकीवर बसायचो. अर्ज घेणं, शिक्के मारणं, आणि घरबदलीचे फॉर्म भरणं. मूल एका घरातून दुसऱ्या घरात जायचं तर चार पानी फॉर्म लागायचा. त्यातला अकरावा रकाना होता 'मुलाचे ज्ञात नातेवाईक व त्यांचे पत्ते'. हा रकाना कोरा राहिला तर वरच्या ऑफिसातून फॉर्म 'अपूर्ण' असा शिक्का घेऊन परत यायचा. त्यात आठ-दहा दिवस जायचे. तेवढे दिवस मूल वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, लोखंडी खाटेवर, रात्रंदिवस चालू असलेल्या ट्यूबलाइटखाली. मला ते बघवायचं नाही. म्हणून पत्ता माहीत नसला की मी सरळ 'नाहीत' असं लिहून टाकायचो. फॉर्म त्याच दिवशी पास व्हायचा आणि मूल संध्याकाळी कोणाच्या तरी घरी जेवायला बसायचं. खरं सांगतो, मला ते पुण्याचं काम वाटायचं. नवीन आलेल्या दोघा कारकुनांना ही युक्ती मीच शिकवली.

त्या मुलीचं सगळ्या घरांत एकच टोपणनाव पडलं होतं, पाहुणी. चौथ्या वर्षी आई दवाखान्यात गेली ती परत आली नाही. बाप त्याच्या आधीच कामाला म्हणून कुठेतरी निघून गेलेला. त्यानंतर पाच घरं झाली. पाचव्या घरातल्या काकू चांगल्या होत्या, पण पुढच्या महिन्यात त्या आपल्या मुलीकडे दुसऱ्या गावी राहायला जाणार होत्या. त्याच एकदा बाईंना सांगून गेल्या, की दोन वर्षं झाली तरी ही फ्रिज उघडण्याआधी विचारते. कपाटात अर्धी बाजू रिकामी ठेवलीय, पण हिचे कपडे अजून बॅगेतच. तक्रार म्हणून नाही सांगत, म्हणाल्या, पण मला रात्री त्या बॅगेकडे बघून झोप लागत नाही.

पाहुणी आमच्याकडे आली तेव्हा अठरा पूर्ण व्हायला सात आठवडे होते. सडपातळ, डोळे खाली, बॅग मांडीवर. खुर्चीच्या कडेवर अशी बसली होती की कोणी ऊठ म्हटलं तर उठायला वेळ लागू नये. बाईंनी इकडचं तिकडचं विचारलं, तर हो-नाहीच्या पुढे गाडी जाईना. शेवटी बाईंनी त्यांचा ठरलेला प्रश्न टाकला, की उद्या पाय मोडला तर फोन कोणाला करशील?

"दवाखान्याला," ती म्हणाली.

"आणि दवाखान्यातून?"

तिने बराच विचार केला. खरोखर मनातल्या मनात एकेक माणूस तपासत असल्यासारखा. मग म्हणाली, "तुम्हाला. पण मग पाय ऑफिस सुटायच्या आत मोडायला पाहिजे."

बाई हसल्या. मीही हसलो. ती मात्र हसली नाही, कारण तिने विनोद केलेलाच नव्हता. ती गेल्यावर बाईंनी चहा मागवला आणि तो तसाच थंड होऊ दिला. सात आठवड्यांत हिला कोणी मिळालं नाही तर ही एवढीशी बॅग घेऊन हॉस्टेलात जाईल आणि तिथे पलंगाच्या कडेवर बसून आयुष्य काढेल, असं त्या म्हणाल्या. त्यांना मी एवढं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

फाइलच्या तळाशी बालवाडीचं कार्ड निघालं. ओल लागून अर्धं गेलेलं. 'घ्यायला कोण येईल' यापुढे कोणा बाईने पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आई. नाहीतर आत्या, काज-बटणवाली.' बाईंनी ते कार्ड माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, कारकून, हिला आत्या आहे हो. मी मानही वर न करता म्हटलं, फॉर्मवर तर 'नाहीत' असंच आहे, पाचही फॉर्मवर. बाई म्हणाल्या, फॉर्मला काय कळतंय.

त्यानंतर बाईंनी शहरातल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना फोन करायचा सपाटा लावला. चौदा वर्षांपूर्वी काजं करणारी एक तरुण मुलगी, जिच्यासोबत कधीकधी एक लहान पोरगी यायची, आठवते का? लोक फोन ठेवून द्यायचे. एकाने बाईंना काज-बटणाच्या मशिनची जाहिरात करणाऱ्या समजून भाव विचारला. तीन आठवडे असेच गेले. माझ्या तर नाकी नऊ आले, नंबर शोधून देता देता. मग एका कारखान्यातल्या म्हाताऱ्या मुकादम बाईंना आठवलं. ती पोरगी मशिनखाली बसून पडलेली बटणं रंगांप्रमाणे लावायची, म्हणाल्या. आत्या आता दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला.

बाईंनी तिला फोन केला तेव्हा मी समोरच होतो. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, की तुमच्या भावाच्या मुलीबद्दल बोलायचं होतं. मग बराच वेळ बाई नुसत्याच ऐकत राहिल्या. पलीकडून मशिनचा खडखडाट मलाही ऐकू येत होता. बाईंचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून त्या उठल्या, शिपायाला न सांगता स्वतःच रेकॉर्डच्या खोलीत गेल्या आणि तासाभराने धुळीचे हात घेऊन परत आल्या. पाहुणीचा अगदी पहिला फॉर्म त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि अकराव्या रकान्यावर बोट टेकवलं.

"हे अक्षर कोणाचं?"

अक्षर माझंच होतं. मी कबूल केलं, आणि वर तोंड करून ती युक्तीही समजावून सांगितली. मूल त्याच संध्याकाळी घरी गेलं बघा, म्हटलं. बाईंनी मला पूर्ण बोलू दिलं. मग सांगितलं. फॉर्म भरल्यानंतर आठ दिवसांनी आत्या आमच्या खिडकीवर आली होती, भाचीला घेऊन जाते म्हणून. खिडकीवरच्या माणसाने कागद काढून बघितला आणि म्हणाला, या मुलीला नातेवाईक नाहीत असं इथे लिहिलंय, तुम्ही आत्या असल्याचा पुरावा आणा. तो माणूस मी. म्हणजे मीच लिहिलं होतं, आणि मीच ते वाचून तिला परत पाठवलं होतं.

मला काही आठवेना. देवाशपथ आठवेना. त्या खिडकीवर दिवसाला चाळीस माणसं यायची. मी तसं बाईंना म्हटलंही.

दोन दिवस बाई माझ्याशी बोलल्या नाहीत. फोन वाजला की मला खूण न करता स्वतःच उचलायच्या आणि वहिन्यांचं मुकाट्याने ऐकायच्या. माझ्याकडून त्यांना आता खोटंसुद्धा बोलवून घ्यायचं नव्हतं. हे मला फार लागलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, आत्याला तुम्हाला बघायचंय, रविवारी चला. मी विचारलं, ती हो म्हणाली का? तर म्हणाल्या, तुम्हाला बघितल्यावर सांगते म्हणाली.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर होतं. नवरा मालाची गाडी चालवायचा, तो आतल्या खोलीत आडवा झाला होता. नऊ वर्षांची मुलगी जमिनीवर पालथी पडून गणितं सोडवत होती. आत्या चाळिशीची असेल. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर सुई आरपार गेल्याची जुनी खूण. दार उघडल्यावर तिने आधी बाईंना आत घेतलं, मग माझ्याकडे बघत उभी राहिली.

"तेव्हा तुम्हाला केस होते," ती म्हणाली.

मी मान खाली घालून आत गेलो. तिने सगळं सांगितलं, न रडता, न ओरडता, काल घडल्यासारखं. तेव्हा ती चार बायकांबरोबर एका खोलीत राहायची. पोरीला ठेवून घ्यायला त्या चौघींनी होकार दिला होता, कोपऱ्यात गादीसुद्धा आणून ठेवली होती. पहिल्या दिवशी मी पुरावा मागितला. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा जन्माचा दाखला आणला, तर मी म्हटलं, हा तुमचा झाला, भावाचा आणा. भावाचा कुठून आणणार, भाऊच सापडत नव्हता. तिसऱ्या दिवशी ती पोरीचा एक जुना फ्रॉक घेऊन आली. आपण शिवलेला, काजं आपण केलेली. आतल्या शिवणीला पोरीचं नाव होतं. तो दाखवत होती तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि मी खिडकी लावून घेतली. सुट्टी संपेपर्यंत ती थांबली, पण नंतर खिडकीवर दुसराच माणूस बसला, आणि त्याने सांगितलं की मुलगी एका घरी गेली, पत्ता देता येत नाही.

मी माफी मागितली. कशी मागितली ते लिहीत नाही. ती म्हणाली, "माफीचं मी काय करू? चौदा वर्षं तिला वाटत असणार की आत्या आलीच नाही." मग बाईंकडे वळून म्हणाली, की हे मी तिला सांगितलं तर बहाणा वाटेल. ज्याने लिहिलं त्याने सांगावं. त्यानंतर तिला यायचं असेल तर येऊ दे.

बाईंनी वही काढली. नियम तो नियम. त्या म्हणाल्या, मग तुमचं हो समजू का, म्हणजे हे पहिलं होईल, अजून दोनदा विचारीन.

"मी तेव्हाच तीन वेळा येऊन गेले, बाई," आत्या म्हणाली. "अजून किती वेळा हो म्हणू?"

बाईंनी वही मिटली. मिटलेल्या वहीवर हात ठेवून त्यांनी तरीही सांगितलं, की मुलगी कदाचित बोलणार नाही, बॅग मांडीवरून खाली ठेवणार नाही, एकदा येऊन पुन्हा तोंडही दाखवणार नाही. आतल्या खोलीतून नवरा म्हणाला, "बोलणारे इथे पुष्कळ आहेत." आत्याने त्या दिशेने एक रागाचा कटाक्ष टाकला.

पाहुणीला सांगायच्या दिवशी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. वाक्यं ठरवून गेलो होतो, ती सगळी विसरलो. तिच्या हातात फॉर्म दिला आणि म्हटलं, हे मी लिहिलंय, हे खरं नाही. तिने तो एक शब्द किती वेळ वाचला कोण जाणे. बाई शेजारी बसल्या होत्या, पण त्यांनी मला काही मदत केली नाही.

"म्हणजे ती आली होती?" तिने विचारलं.

"तीन वेळा."

"तुमच्याशी बोलली?"

"हो."

"कशी दिसत होती? कोणते कपडे होते?"

मी म्हटलं, आठवत नाही. तिला वाटलं मी लपवतोय. तिने पुन्हा विचारलं, रडत होती का, उंच होती का, माझं नाव घेतलं का. मला यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. चार वर्षांची पोरगी ज्या एका माणसाची वाट बघत होती, तो माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर तीनदा उभा राहिला, आणि मी त्याला पाहिलंच नव्हतं. तिने फॉर्म घडी घालून मला परत दिला आणि बाईंना म्हणाली, पत्ता द्या. त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्या आठवड्यात मी रेकॉर्डच्या खोलीत बसून माझ्या अक्षरातले सगळे फॉर्म बाजूला काढले. 'नाहीत' लिहिलेले त्रेसष्ट निघाले. त्यातल्या कितीतरी फायली कधीच्या बंद झालेल्या, पोरं मोठी झालेली, कोणी कुठे तर कोणी कुठे. आणि हे फक्त माझे. मी ज्यांना युक्ती शिकवली त्यांचे वेगळे. मी तो गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला तेव्हा त्या शाबास वगैरे काही म्हणाल्या नाहीत. अर्धा गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, तळापासून वाचा.

पाहुणी पहिल्या रविवारी आत्याकडे गेली. बाई सोबत होत्या. त्यांनी सांगितलं त्यावरून भेट काही गोड झाली नाही. आत्या घाबरून नुसती बोलत सुटली होती. भाजीचे भाव, शेजारी, कारखान्यातली मुकादम, काय वाटेल ते. मुलगी बॅग मांडीवर घेऊन बसली आणि पाणीसुद्धा विचारून प्यायली. निघताना आत्या तिच्या खांद्याला हात लावायला गेली आणि मधेच तिने हात मागे घेतला. दुसऱ्या रविवारी ती एकटी गेली. तिसऱ्या रविवारी गेलीच नाही. आत्या स्वयंपाक करून वाट बघत बसली. सोमवारी तिने ऑफिसात फोन केला आणि बाईंना एवढंच विचारलं, की माझं काही चुकलं का.

त्याच बुधवारी पाहुणीला अठरा पूर्ण झाली. मी फाइलवर शिक्का मारला, तो मारायचं काम माझंच होतं. औषधांच्या एका गोदामात पॅकिंगचं काम मिळालं होतं, हॉस्टेलात पलंग मिळाला होता. ती बाईंना नमस्कार करून गेली. आत्याकडे जाशील ना, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाली, बघते. जिना उतरताना बॅग तशीच छातीशी धरलेली.

फाइल बंद झाल्यावर आमच्याकडून आपण होऊन फोन करायचा नाही असा नियम होता. पोरांना मोकळं वाटावं म्हणून कोणीतरी केलेला. बाई तो मोडतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी तो पाळला, आणि त्याचा त्यांना फार त्रास झाला. फोन वाजला की पहिल्याच घंटेला उचलायच्या. त्यामुळे त्या महिन्यात सगळ्या वहिन्यांचे सगळे गुडघे त्यांना ऐकावे लागले. एकदा फोन ठेवून म्हणाल्या, कारकून, आपण फार उशीर केला हो, चौदा वर्षं म्हणजे पोरीचा सगळा जन्म झाला. 'आपण' म्हणाल्या. 'तुम्ही' म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

चार आठवड्यांनी एका दुपारी फोन वाजला. बाईंनी उचलला आणि ताडकन ताठ बसल्या. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बटण दाबून आवाज मोठा केला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

पाहुणी तक्रार करत होती. मी तिला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. परवा गोदामात तिला ताप भरला आणि त्यांनी घरी जायला सांगितलं. घरी म्हणजे कुठे? हॉस्टेल दिवसा बंद असतं. ती बराच वेळ बसथांब्यावर बसून राहिली आणि मग आत्याकडच्या बसमध्ये चढली. रविवार नव्हता, कोणाला सांगितलेलं नव्हतं. दाराला कुलूप. जिन्याच्या पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसली, दोन तास. आत्या कामावरून आली ती हिला बघून जिन्यातच ओरडायला लागली.

"काय म्हणाली?" बाईंनी विचारलं.

"म्हणाली, किल्ली शेजारी असते. मागून घेता येत नाही का? आपल्याच दारात असं परक्यासारखं बसतात का? अख्ख्या जिन्याने ऐकलं, बाई. फार बोलते ती. चपला कुठे काढायच्या, ओले केस घेऊन का झोपलीस, सगळ्यावरून बोलते. बॅग तर मला न विचारता रिकामी केली आणि धुवायला टाकली."

"डोक्याला ताप आहे नुसता," बाई म्हणाल्या. "मग आता हॉस्टेलात परत कधी?"

"आत्या म्हणते, ताप उतरू दे."

"अजून आहे?"

पलीकडे तिने आवाज खाली आणला. मग ती म्हणाली, "नाही. कालच उतरला."

बाईंनी फोनवर हात ठेवला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मी कागद चाळल्यासारखं केलं. तेवढ्यात पाहुणीने विचारलं, "ते तिथे आहेत का? कारकून?"

बाईंनी हो म्हटलं.

"त्यांना सांगा, मी आत्याला विचारलं. पिवळा स्वेटर होता. कोपरावर उसवलेला. तिन्ही दिवस तोच घालून आली होती, तिच्याकडे दुसरा नव्हता."

मी सवयीने पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं. ते मी कुठेच लिहून ठेवलेलं नाही. लक्षात आहे.